चढणीच्या माशांचे बाप किती?

जून उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे शेताच्या बांधावरून उलट्या पाण्यात उड्या मारणाऱ्या माशांचे व्हिडिओ, आणि दुसरी म्हणजे त्या व्हिडिओखालचं भांडण. एक बाजू म्हणते, पोटात गाबोळी (अंडी) असलेले मासे मारू नका, वंश बुडेल. दुसरी म्हणते, आमच्या आज्या-पणज्यापासून आम्ही वलगणीचे, म्हणजे चढणीचे मासे खातोय, संपले का? एकेक मादी लाखभर अंडी घालते, तिथे टोपलीभर मासे घरी नेले तर काय बिघडलं?

गंमत अशी की दोन्ही बाजू फक्त मादी मोजतात. तिच्या पोटातली अंडी मोजतात. नराचा हिशेब कुणी मांडत नाही, आणि ज्या नदीत दहा वर्षांपूर्वी पोतंभर मासे मिळायचे तिथे आता पिशवीभरही का मिळत नाहीत याचा एक धागा नेमका त्या हिशेबात आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत डीएनए तपासणीमुळे माशांचं आई-बापपण ओळखता येऊ लागलं. त्यातून एक गोष्ट पुनःपुन्हा समोर आली. अंडी घालायला चढून आलेले मासे किती, हा एक आकडा. त्यातले पुढच्या पिढीचे आई-बाप खरोखर झाले किती, हा दुसरा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान निघतो, आणि कधी कधी तो फारच लहान असतो.

मासे चढतात कशाला?

वर्षातले आठ-नऊ महिने नदीच्या डोहात काढणारे मासे पहिल्या दमदार पावसात प्रवाहाच्या विरुद्ध निघतात. पाणी गढूळ होतं, त्याचं तापमान एकदम उतरतं, प्रवाहाला जोर येतो. ही लक्षणं जुळून आली की माशाच्या मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी संप्रेरकं सोडते आणि आधीच तयार होत आलेली अंडी पक्व होतात. वर, ओहोळांच्या टोकाला, नुकती भरलेली भातखाचरं आणि उथळ पाणथळ जागा असतात. तिथे मोठे शिकारी मासे कमी, आणि पाणी उथळ असल्याने त्यात पिल्लांच्या तोंडात मावेल असं बारीक खाद्य भराभर वाढतं. पिल्लं तिथे अंग धरतात आणि पाणी ओसरता ओसरता खाली नदीत येतात.

पावसाचा हा इशारा किती महत्त्वाचा आहे हे मत्स्यशेतीवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. रोहू, मृगळ हे मासे बंद तळ्यात मस्त वाढतात, मादीचं पोट अंड्यांनी फुगतं, पण अंडी बाहेर काही येत नाहीत. त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज पुराच्या दिवसांत नदीतून गाळून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यातच अंडी घालायला लावलं. आपण दर वर्षी १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतो तो त्याचमुळे. नदीचं काम इंजेक्शनने केलं! त्या इंजेक्शनचे फायदे देशाला झाले, आणि एक अडचणही त्यातूनच पुढे उभी राहिली. तिच्याकडे नंतर येतो.

चढणारे सगळे मासे एका पद्धतीने अंडी घालत नाहीत, हेही सांगायला हवं. मरळ जोडीने अंड्यांची राखण करतो, पिल्लांचा पुंजका बरोबर घेऊन फिरतो. महाशीर वाहत्या, स्वच्छ पाण्यात गोट्या-वाळूच्या तळाशी अंडी टाकतो, तीही एकदम सगळी न टाकता थोडी थोडी करून. रोहूसारखे मासे उथळ पुराच्या पाण्यात झुंडीने येतात, एका मादीमागे अनेक नर लागतात, आणि अंडी पाण्यात सोडून सगळे निघून जातात. पिल्लांकडे वळून बघणं नाही.

काही सेकंदांचा संसार

बहुतेक माशांत अंडं आणि शुक्राणू यांची गाठ शरीराबाहेर, पाण्यात पडते. नराच्या शरीरात असताना शुक्राणू निपचित असतात. गोड्या पाण्याचा स्पर्श झाला की ते एकदम पोहायला लागतात, आणि त्यांच्यातली शक्ती साधारण अर्ध्या ते एक-दोन मिनिटांत संपते. इकडे अंड्याच्या कवचाला एकच बारीक भोक असतं. शुक्राणूला आत जायची वाट तेवढीच. अंडं पाणी शोषून फुगायला लागलं की तीही बंद होते.

आता हे वाहत्या, गढूळ, खळाळत्या पाण्यात घडतंय असं डोळ्यांपुढे आणा. मादीने अंडी सोडली त्या क्षणी जो नर हातभर जवळ आहे त्याला संधी, जो दोन हात लांब आहे त्याचे शुक्राणू पोचेपर्यंत वाहून जातात किंवा दमतात. तिच्या दोन्ही बाजूंना दोन नर असतील तर अर्धी पिल्लं एकाची, अर्धी दुसऱ्याची होऊ शकतात. पाच नर असतील तर वाटणी पाच जणांत, पण समान कधीच नाही. एखाद्याला मोठा वाटा मिळतो आणि एखादा दमून, खरचटून, काही न मिळवता परततो.

कोणाची कोणाशी जोडी जमते, एका मादीला नर किती, एका नराला माद्या किती, या सगळ्याला प्रजनन-पद्धत म्हणतात. काठावर बसून जी दिसते ती एक, आणि पिल्लांच्या डीएनएत जी उमटते ती दुसरी. या दुसरीला शास्त्रज्ञ जनुकीय प्रजनन-पद्धत म्हणतात. दोन्ही जुळतीलच असं नाही. घरटं करून पिल्लं सांभाळणाऱ्या कित्येक जातींत राखण करणारा नर सगळ्या पिल्लांचा बाप नसतो, हे डीएनएनेच उघड केलं.

बाप ओळखायचा कसा?

यासाठी डीएनएतल्या अशा जागा निवडतात जिथे एकच बारीक तुकडा परत परत आलेला असतो. त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. तो तुकडा किती वेळा आला यावरून त्या जागेची लांबी ठरते, आणि ही लांबी प्रत्येक माशात वेगळी असू शकते. प्रत्येक माशाकडे अशा जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. बस, एवढं कळलं की पुढचं शाळकरी गणित आहे.

समजावण्यापुरते आकडे घेऊ. मादीच्या दोन प्रतींची लांबी १२० आणि १२८ आहे. तिच्या पाच पिल्लांची तपासणी केली, ती अशी आली: १२०-१३२, १२८-१३२, १२०-१३६, १२८-१४०, १२०-१४४. प्रत्येक पिल्लात आईचा एक आकडा दिसतोच. तो बाजूला काढा. उरलं काय? १३२, १३२, १३६, १४०, १४४. म्हणजे बापाकडून आलेल्या चार वेगवेगळ्या लांबी. एका नराकडे दोनच प्रती असतात, चार असू शकत नाहीत. तेव्हा बाप किमान दोन. सहाव्या पिल्लात १४८ सापडला तर किमान तीन.

‘किमान’ हा शब्द इथे जपून वाचायचा. दोन नरांकडे योगायोगाने एकच लांबी असू शकते, म्हणून एका जागेवर भिस्त न ठेवता अशा दहा-पंधरा जागा तपासतात. आई सापडली नसली तरी चालतं. बरीच पिल्लं एकत्र तपासून कोण सख्खं आणि कोण सावत्र याचे गट लावता येतात. आणि यासाठी मासा मारावा लागत नाही. पराचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवला की काम भागतं. पर पुन्हा वाढतो.

बोटभर बाप

या तपासणीने सगळ्यात जास्त धक्के दिले ते सॅमनच्या बाबतीत. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत नदी चढतो. उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या नद्यांमध्ये काही किलो वजनाचे, खालचा जबडा आकड्यासारखा वळलेले नर मादीसाठी एकमेकांशी झुंजतात. बघणाऱ्याला वाटणार, जिंकला तो बाप.

पण त्याच नदीत काही नर असे असतात की जे समुद्रात कधी गेलेलेच नाहीत. वर्ष-दोन वर्षांचे, बोटभर लांबीचे, वजन काही ग्रॅम. तरी पूर्ण वयात आलेले. ते दगडांच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि मोठी जोडी अंडी-वीर्य सोडते त्याच क्षणी मध्ये घुसून आपलंही काम उरकतात. पिल्लांचा डीएनए तपासल्यावर या टिल्लूंचा वाटा लक्षणीय निघाला. पॅसिफिक महासागराकडच्या कोहो सॅमनमध्येही दोन प्रकारचे नर असतात. मोठे नर तीन वर्षांचे होऊन परततात. ‘जॅक’ म्हणून ओळखले जाणारे लहान नर समुद्रात जेमतेम काही महिने काढून दोन वर्षांचे असतानाच येतात आणि चोरून प्रजनन करतात.

यात लबाडी शोधायचं कारण नाही. समुद्रात जाऊन मोठं होण्यात धोका फार. बहुतेक जण परतच येत नाहीत. नदीत राहून लहानपणीच बाप व्हायचं हीदेखील तितकीच जुनी, टिकलेली चाल आहे. मला यातली महत्त्वाची बाब वेगळी वाटते. ज्या वर्षी समुद्रातून मोठे नर कमी आले, त्या वर्षी हे लहान नर बापांची संख्या वाढवतात. कोहोमध्ये तर ते दोन वेगवेगळ्या वर्षांच्या पिढ्या जोडतात, कारण एरवी तीन वर्षांनी येणारे मासे आपल्याच वर्षाच्या सोबत्यांशी जुळतात.

तेव्हा ‘बारकी सोडा, मोठी पकडा’ हा सोपा नियम नेहमी पुरेसा नसतो. जाळ्याच्या आसाचं (भोकांचं) माप ठरवताना आपण नकळत एका प्रकारचे बाप वेचून काढतो आणि दुसऱ्या प्रकारचे मागे ठेवतो.

आले शंभर, हिशेबात एकोणीस

गणेशोत्सवात मांडवासमोर पाचशे माणसं जमतात, पण वर्गणीचं पावतीपुस्तक उघडलं की दिसतं, निम्मे पैसे चार घरांनी भरलेत. उत्सव किती भक्कम पायावर उभा आहे हे गर्दीवरून कळत नाही, पावत्यांवरून कळतं. माशांच्या बाबतीत या पावतीपुस्तकाला ‘प्रभावी संख्या’ म्हणतात: पुढच्या पिढीच्या जनुकांत ज्यांची भर खरोखर पडते अशा आई-बापांच्या हिशेबाने काढलेली संख्या.

नर-मादीचं प्रमाण बिघडलं तर ती किती कोसळते ते पाहा. हिशेब असा: नर गुणिले मादी गुणिले चार, आणि त्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. पन्नास नर आणि पन्नास माद्या असतील तर उत्तर येतं १००. आता माद्या ९५ आणि नर फक्त ५. मासे तेवढेच, शंभर. अंडी तर जवळजवळ दुप्पट. उत्तर? १९. कारण पिल्लं कितीही असली तरी त्यांच्यातली अर्धी जनुकं त्या पाच नरांचीच आहेत. पुढच्या पिढीत सावत्र भावंडांची एकमेकांशी गाठ पडण्याची शक्यता वाढत जाते.

हा हिशेबही उदार आहे. प्रत्येक नराला आणि मादीला पिल्लं होण्याची संधी सारखीच असते असं त्यात गृहीत धरलंय, आणि वर पाहिलं तसं नदीत ते कधीच घडत नाही.

जवळच्या नात्यात पिढ्यान्‌पिढ्या प्रजनन होत राहिलं की दबून राहिलेले जनुकीय दोष वर येतात. पिल्लं कमी जगतात, वाढ खुंटते. त्याहून हळू आणि न दिसणारं नुकसान म्हणजे विविधता जाते. एखाद्या वर्षी पाऊस महिनाभर उशिरा आला किंवा नवा रोग आला, तर त्याला पुरून उरणारे चार मासे तरी निघावेत यासाठी लागणारी पुंजी हीच.

अंडी लाखांनी असतात, त्याचं काय?

असतात, खरंच असतात. रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. महाशीरची अंडी मोठी आणि संख्येने खूपच कमी. पण लाख अंड्यांतून मोठे होणारे मासे मोजके असतात. नदी तुडुंब माशांनी भरत नाही, याचा अर्थच हा की सरासरीने एका जोडीमागे पुढे प्रजनन करणारे दोनच मासे उरतात.

शिवाय मरण अंड्या-अंड्याला वेगवेगळं येत नाही. रोहूसारख्या माशांत एका मादीची सगळी अंडी एका जागी, एका दिवशी पडतात. त्या खाचरातलं पाणी चार दिवसांत आटलं, किंवा वरून लोंढा येऊन अंडी गाळात गाडली गेली, की पूर्ण वाण जातो. शेजारच्या ओहोळात दोन दिवस उशिरा आलेल्या मादीची पिल्लं मात्र सुखरूप राहतात. म्हणून वर्षाच्या शेवटी नदीत उतरलेली पिल्लं अनेकदा मोजक्याच आई-बापांची निघतात. कुणाचं नशीब उघडेल हे आधी सांगता येत नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ओहोळांत चढणारे पुष्कळ मासे असणं हाच त्यावरचा विमा. लाख अंडी हा एका मादीचा विमा आहे, जातीचा नव्हे.

मग हॅचरीतलं बीज सोडलं की झालं!

हॅचरी म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं काढायचं केंद्र. तिथलं बीज नदीत सोडा, हा सगळ्यात नेहमीचा आक्षेप, आणि तो टाकाऊ नाही. महाराष्ट्राला तर या बाबतीत सांगण्यासारखा इतिहास आहे. १८३९ साली साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीरची शास्त्रीय नोंद केली. त्याच जातीचं कृत्रिम प्रजनन लोणावळ्याला टाटांच्या वीजप्रकल्पाच्या तलावांवर १९७०च्या दशकापासून होत आलंय. तिथून लाखो बोटुकल्या, म्हणजे बोटभर पिल्लं, देशभर गेल्या. डोहातला हा मासा दुर्मीळ होत असताना तो पोटाशी धरून वाढवणं हे मोठंच काम होतं.

पण हॅचरीत बाप कसे ठरतात ते जवळून पाहा. पक्व मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी भांड्यात घेतात. मग नरांचं वीर्य त्यावर पिळतात, पिसाने हलवतात, वरून पाणी घालतात. काम लवकर उरकावं म्हणून तीन-चार नरांचं वीर्य एकत्र मिसळलं जातं. वाटतं, चार बाप झाले. प्रत्यक्षात ज्याचे शुक्राणू जास्त चपळ किंवा संख्येने जास्त, तो बहुतेक अंडी पटकावतो आणि उरलेल्यांच्या वाट्याला किरकोळ काही येतं. सॅमन आणि कार्प (रोहू-मृगळच्या कुळातले मासे), दोन्हींच्या हॅचरींत हे तपासून पाहिलेलं आहे. त्यात प्रजनक साठा, म्हणजे अंडी-वीर्य घ्यायला राखलेले मासे, लहान असला, आणि दर वर्षी नदीतून नवे मासे न आणता आपल्याच तळ्यातली पिल्लं पुढचे प्रजनक म्हणून ठेवली, की नातं जवळ जवळ येत जातं. कर्नाटकातल्या कार्प हॅचरींचा अभ्यास १९९०मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नेमकी हीच खूण सापडली. इंजेक्शनने नदीचं काम केलं, पण नदी जी सरमिसळ करत होती ती इंजेक्शनने होत नाही. ती माणसाला मुद्दाम करावी लागते.

नदीत सोडल्यावर काय होतं, याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या हूड नदीने दिलं. तिथे पॉवरडेल नावाचं धरण होतं. चढणारा प्रत्येक स्टीलहेड ट्राउट (सॅमनसारखाच समुद्रात वाढून नदीत परतणारा मासा) त्याच्यापाशी पकडला जाई, नमुना घेऊन वर सोडला जाई. १९९१पासूनचे नमुने जमले. वर गेलेल्या माशांची अशी जवळजवळ पूर्ण हजेरी हाती असल्याने काही वर्षांनी परतलेली पिल्लं कुणाची, हे डीएनए जुळवून सांगता आलं. २००७मध्ये निष्कर्ष छापून आला: हॅचरीत काढलेल्या प्रत्येक पिढीमागे माशाची नैसर्गिक नदीत संतती देण्याची क्षमता साधारण ४० टक्क्यांनी घटते. टाकीत जगायला जे सोयीचं, ते नदीत उपयोगी पडत नाही, आणि ही निवड एक-दोन पिढ्यांतच होऊन जाते. त्याच हजेरीतून आणखी एक गोष्ट निघाली. काही पिल्लांचा बाप यादीत सापडेचना. शोध घेतल्यावर कळलं की समुद्रात न जाता नदीतच मुक्काम करणारे ट्राउट यांतल्या कित्येकांचे बाप होते. ते धरण ओलांडून वर आलेच नव्हते, तर हजेरीत येणार कुठून?

तिसरी गोष्ट कावेरीची, आणि ती जरा अवघडल्यासारखी करते. कावेरीत कुबडाचा महाशीर म्हणून एक प्रचंड मासा आहे. १९४६ साली तिच्या उपनदीत, कबिनीत, १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महाशीर गळाला लागल्याची नोंद आहे. नदीत महाशीर वाढावेत या चांगल्या हेतूने १९७०च्या दशकापासून तिथे लोणावळ्याचा महाशीर सोडला गेला. १९९८ ते २०१२ या काळातल्या गळवाल्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की सोडलेली जात भरमसाट वाढली आणि कुबडाचा महाशीर जवळजवळ दिसेनासा झाला. त्याचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असं निश्चित व्हायला २०१८ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. आकडेवारीत मात्र ‘कावेरीत महाशीर वाढले’ हे वाक्य खरंच होतं.

याचा अर्थ हॅचऱ्या बंद करा, असा मी काढत नाही. भुवनेश्वरच्या संशोधन संस्थेने ‘जयंती रोहू’ तयार करताना गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा अशा पाच नद्यांमधले रोहू आणि शेततळ्यातला साठा मिसळून पाया घातला. म्हणजे काळजी घेता येते. प्रत्येक नराचं वीर्य वेगळ्या मादीच्या अंड्यांवर वेगळ्या भांड्यात टाकायचं, नर-मादी सारख्या संख्येने वापरायचे, काही वर्षांनी नदीतून नवे प्रजनक आणायचे, आणि ज्या खोऱ्यातला मासा त्याच खोऱ्यात सोडायचा. तळ्यात विकायला वाढवायचं बीज आणि नदीत सोडायचं बीज ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे ती सर्रास एकाच टाकीतून होतात आणि फोटो मंत्र्यांच्या हस्ते निघतो.

बरगे आणि बापांचा संबंध

मोठ्या धरणावर बोलणं सोपं आहे, तिथे वाट बंदच आहे. जास्त लक्ष द्यायला हवं ते लहान अडथळ्यांकडे, कारण चढणीचे बहुतेक मासे लहान ओहोळांत जातात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपताना बरगे (अडवायच्या फळ्या) घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्याआधी ते काढतात. बरगे वेळेत निघाले तर पुराच्या दिवसांत नदी मोकळी असते. ते पहिल्या पावसानंतर काढले, किंवा गाळात रुतून तसेच राहिले, तर पहिला लोंढा चढू बघणाऱ्या माशांना बंद दार मिळतं.

मासे मग बंधाऱ्याखाली गोळा होतात. दिसायला भरपूर, पकडायला सोपे. पण ते एकाच जागी, एकाच दिवसांत अंडी टाकतात, आणि वर सांगितलेला विमा गेला. वरच्या अंगाला जे थोडे अडकलेत त्यांची वेगळी वस्ती होते, त्यांच्यात खालून नवं रक्त येत नाही. काही पिढ्यांत एका नदीच्या दोन नद्या झालेल्या असतात.

धरणाला माशांसाठी पायऱ्या बांधा, ही सूचना नेहमी येते. त्या पायऱ्या मुळात उंच उडी मारणाऱ्या, ताकदवान सॅमनसाठी आखलेल्या. वीतभर शिंगटीला तो चढ झेपत नाही. बंधारा जिथे लहान आहे तिथे एका बाजूने दगडगोट्यांचा सौम्य उतार करणं जास्त कामाचं, आणि खर्चही कमी.

म्हणजे चढणीचे मासे खायचेच नाहीत?

असं म्हणणारा कोकणात टिकणार नाही, आणि म्हणू पण नये. वर्षातून दोन-चार दिवस फुकट मिळणारा हा मासा कित्येक घरांत त्या हंगामातलं मोठं खाणं आहे. शिवाय १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी असल्याने ताज्या मासळीची चणचण तेव्हाच असते.

माझं म्हणणं पकडण्याच्या पद्धतीपुरतं आहे. पाग (फेकजाळं) टाकून किंवा हाताने पकडणारा माणूस आलेल्यांतले काही नेतो, बाकीचे वर जातात. ओहोळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लावलं, किंवा दगड-माती घालून मधल्या फटीत बांबूच्या कामट्यांचा सापळा बसवला, की त्या ओहोळाचे त्या दिवशीचे सगळे आई-बाप संपले. पन्नास ओहोळांत थोडे थोडे पकडणं आणि एका ओहोळातले सगळे पकडणं, यात वजन सारखं भरलं तरी प्रभावी संख्येचा फरक जमीन-अस्मानाचा. त्यातही पहिल्या लोंढ्याला जपायला हवं. सॅमनसारख्या माशांत नर माद्यांच्या आधी पोचतात. अशा जातीत सुरुवातीचे दोन दिवस झोडपून काढले तर आपण नेमके बाप कमी करतो, आणि नंतर आलेल्या गाबोळीने भरलेल्या माद्या पाहून वाटत राहतं की सगळं ठीक आहे. मरळ राखणीला बसलेला असताना पकडणं हे आणखी वाईट, कारण तिथे एका माशाबरोबर सगळी पिल्लं जातात. ब्लीचिंग पावडर आणि सुरुंग यांबद्दल वाद घालायचीही गरज नाही; विष घालून किंवा स्फोटकं वापरून मासे मारायला १८९७च्या मत्स्य कायद्यापासूनच मनाई आहे.

अर्धा ओहोळ मोकळा ठेवायचा, पहिल्या लोंढ्याचे दोन-तीन दिवस सोडायचे आणि बरगे मे महिन्यातच निघाले की नाही ते ग्रामसभेत विचारायचं, एवढं गावाला जमण्यासारखं आहे. आणि त्याचा उपयोग होतो का हे तपासायचं असेल तर जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला बोलवावं. ऑगस्टमध्ये चार-पाच खाचरांतून प्रत्येकी पन्नासेक पिल्लं धरायची, शेपटीच्या पराचा कण कापून घ्यायचा, पिल्लू परत पाण्यात सोडायचं. एका खाचरातली पिल्लं दोन जोड्यांची निघतात की वीस, ते प्रयोगशाळा सांगेल. पैसा लागतो तो तिथे. नमुने गोळा करायला अल्कोहोलच्या छोट्या कुप्या, कात्री आणि पावसात भिजायची तयारी पुरते.